खालची ओळ

पडद्याच्या तळाशी जी ओळ उमटते आणि विरते
ती मी लिहिते.
साकीनाक्याला, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं तिथं बसून.
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, अशा दोन ओळी,
फार तर सहा सेकंद.
माणसानं तेवढ्यात मावायचं.

फिल्म दागिन्यांच्या एका घराण्यावर.
घराणं म्हणायचं, पेढी नाही; ही पहिली सूचना.
दुसरी : विविधता दिसली पाहिजे.
मग गळे निवडले गेले.
एक काळासावळा, एक पांढऱ्या केसांखालचा,
एक कोड असलेला, वसईच्या इव्हेटचा.
शॉट संपल्यावर ती म्हणाली,
शाळेच्या फोटोत मला मागच्या रांगेत उभं करायचे.
ते फिल्ममध्ये ठेवलंय.
खोटं कशाला बोलू, लिहिताना माझे डोळे भरून आले.

टीमचीही यादी गेली वर.
माझ्या नावापुढे दोन खुणा.
एक, स्त्री.
दुसरी मला न विचारताच केलेली.

पण कच्चं फुटेज मागं मागं नेलं
की गळा संपतो आणि हात लागतात.
विठ्ठलवाडीचा पोटमाळा. अकरा माणसं, पंखा बंद,
कारण वाऱ्यानं कणी उडते.
घाटालचा सनातन माईती वीस मिनिटं बोललाय
चष्म्याच्या नंबराबद्दल,
आणि मुलीला दाखवायला स्वतः घडवलेल्या हाराचा
एकही फोटो नसल्याबद्दल.
फिल्ममध्ये तो चार सेकंद आहे. नुसती बोटं.
शेरा : इथं ओळ नको, संगीत आहे.

आणि पहाटे साडेचारची धनजी स्ट्रीट.
गटाराच्या कडेला घमेलं, कुंचा,
सुंदराबाई उकिडवी बसलेली.
आम्ही झारेकरी, ती म्हणते.
सोनाराच्या दारची माती आमची, पिढ्यान्‌पिढ्या.
शलाकाचा मेसेज आला :
'सफाई कामगार' कर ना, लोकांना पटकन कळेल.
कर्सर लुकलुकत राहिला.
आजीच्या हातात झाडू होता,
घमेलं नव्हतं. हा फरक
मला कळतो, शलाकाला कसा सांगू?
मी झारेकरी असंच लिहिलं, इंग्रजी लिपीत, सरळ.
कुणी खोडलं नाही. बहुधा कुणी वाचलंच नाही.

पुढे कॅमेरामन लेन्स पुसायला वाकतो,
तशी सुंदराबाई ओरडते,
पुसू नको रे बाबा, ती धूळ मला दे!
सगळं युनिट हसलं.
ती हसली नव्हती.

अपोलो बंदरच्या हॉटेलात पहिला खेळ झाला.
मंचावर तिन्ही गळे होते, टाळ्या खऱ्या होत्या.
सनातनला पास पाठवला म्हणे, पण लग्नसराई,
माळ्यावरून कोण उतरू देतं.

सुंदराबाईला मी आठवड्यानं फोन केला.
शूटिंगच्या तीन दिवसांचा केर
तिनं गोणीत भरून नेला होता.
काय निघालं?
गुंजभर, म्हणाली. तेही नसतं निघालं,
निम्मी तर तुमच्या पोरींच्या गालावरची चमकी.
मग वेगळं कसं करता?
पाण्यात टाकायचं, बाई.
चमकी वर तरंगते. सोनं खाली बसतं.

हे फिल्ममध्ये नाही.
घरी येऊन अक्षरं मोजली.
एका ओळीत बसतं.