दोप्पी

घरच्या काट्यावर बॅग दीड किलो जास्त भरली
तेव्हा तिवई बाहेर काढली.
आता दाराआड उभी असेल,
तिन्ही पायांवर निवांत.
आणि मी इथे, ताश्कंदमध्ये, जमिनीखाली,
दोन पायांवर
हललेले फोटो काढतोय.

कोस्मोनावत्लार स्टेशन.
भिंत निळी असता असता काळी होत जाते,
जणू पुढे हवाच संपली.
गोल तबकडीत मातीचा अंतराळवीर,
भाजलेला, झिलई दिलेला, वजनाचा विसर पडलेला.
उजेड असा की पाव सेकंद हवाच.
कोपर बरगडीला, पाठ खांबाला,
श्वास अर्धा सोडून तिथेच धरलेला,
तरी छातीत कुणीतरी उंबऱ्याला ठेचकाळतं
आणि अंतराळवीराला दोन नाकं येतात.

बाकावर एक म्हातारा. तुर्गुनबोबो, हे मागाहून कळलं.
शेजारी फडक्यात बांधलेले दोन गोल नान, अजून ऊन.
उंची नेमकी होती.
कॅमेरा टेकवायला गेलो तर त्यानं मनगट धरलं.
रागानं नव्हे,
केरसुणीला पाय लागता लागता
घरचं कुणी धरतं, तसं.
अन्नावर वस्तू ठेवू नये:
हे मला इतक्या लांब येऊन ऐकावं लागलं!

मग त्यानं डोक्यावरची दोप्पी काढली,
काळी, पांढऱ्या मिरच्यांची नक्षी.
मधोमध बुक्की मारून खळगा केला,
बाकावर ठेवली.
टोपीखालचं टक्कल दुधासारखं गोरं होतं.

एवढ्यात मुकर्रम ओपा आली, गणवेशात.
पंचवीस वर्षं ती इथे एकच वाक्य बोलली होती:
मुमकिन एमास. चालणार नाही.
कॅमेरा दिसला की बोट वर.
मग कुठूनसा वरून कागद आला
आणि वाक्य काढून घेतलं गेलं.
सवय कोण काढून घेणार?
"मुमकिन—" ती म्हणाली,
आणि उरलेला अर्धा गिळून
तशीच उभी राहिली,
हातांचं काय करावं ते न कळून.

गाडी आली. मी बटण दाबून हात काढून घेतला.

पडद्यावर: गाडी म्हणजे निळी रेघ.
चढणारे-उतरणारे सगळे धूर.
एका पोरीची फक्त पिशवी उरलेली.
अंतराळवीर एका नाकाचा, स्वच्छ.
आणि डाव्या कडेला, चौकटीत कधी आली कोण जाणे,
मुकर्रम ओपा, पापणीन् पापणी मोजावी अशी.
न हलणं ही तिची नोकरीच.

तिनं खूप वेळ पाहिलं.
अंतराळवीराकडे नाही.
मग कोटाच्या तिसऱ्या काजावर बोट टेकवलं:
बटण नव्हतं तिथे, नुसता दोरा.
तळवा त्यावर झाकून ती पुन्हा जागेवर गेली,
हनुवटी वर.
मुमकिन, म्हणाली. पूर्ण शब्द.
या खेपेला श्वास तिनंच धरला.

तुर्गुनबोबोची गाडी तोवर निघून गेली होती.
जाणार कसा?
टोपी आमच्याकडे अडकलेली.