बारीक अक्षरं

दुपारी तीनला सेर्पात कुत्रंही रस्त्यावर नसतं.
तेव्हा आला गास्पार, तेलाच्या घाण्यावरचा.
पिशवीत बाटल्या-डबे मिळून सात,
आत्यांची, शेजारणींची, साऱ्या गल्लीची माया.
"दोना देओलिंदा, यातलं काय लावू?
बारा दिवसांची आहे."

मी चष्मा पुसला.
पाणी. ग्लिसरीन. इथवर ठीक.
मग एक शब्द: परफ्यूम.
शब्द कसला, बंद दार ते,
आत कोण कोण बसलंय, बाहेरून कळत नाही.
बाटली डावीकडे.
दुसरीत लॅव्हेंडर. तीही डावीकडे.
तिसरीवर हिरवं पान, पानावर 'नैसर्गिक'.
अरे, विंचूही नैसर्गिकच असतो.

पावडरचा डबा उचलला आणि हात थांबला.
हाच, याच निळ्या झाकणाचा,
एकोणीस वर्षं विकला मी.
माझ्या दुआर्तेला थापला मानेपासून टाचेपर्यंत,
उन्हाच्या तिरिपेत ती धूळ तरंगायची,
तो शिंकायचा
आणि आम्ही हसायचो.
त्याला काही झालं नाही.
काही झालं नाही,
हे मी अजून हळू आवाजात म्हणते.

शेवटी तेल. त्याच्याच घाण्याचं, पहिल्या धारेचं,
बाटलीच्या गळ्याला हाताने बांधलेला दोरा.
आता याला कसं सांगायचं?
सांगितलं.
"पावाला लाव. तिला नको.
तिची कातडी अजून विणून व्हायचीय,
हे तेल टाके उसवतं."
गास्पार गप्प. आजोबांना कुणी शिवी दिल्यासारखा.

"पण साल निघतंय तिचं."
"निघू दे. नऊ महिने पाण्यात होती ती.
कोमट पाणी, मऊ फडकं.
फारच कोरडं पडलं तर हे, बिनवासाचं,
करंगळीच्या टोकाएवढं."
"बस?"
"बस."

बिल विचारलं त्याने. नमुन्याच्या ट्यूबचं कसलं बिल?
पण फुकट सल्ला घेऊन निघायचं त्याच्या जिवावर आलं.
इकडेतिकडे बघितलं,
म्हाताऱ्यांसाठी ठेवलेलं भिंग उचललं,
"हे द्या मग."

दुसऱ्या दिवशी त्याची इरिया सांगत होती:
लेबलं कुठली वाचतोय,
रात्रभर पाळण्याशी बसला होता
भिंग घेऊन
तिच्या टाचेवर.

सहा बाटल्या अजून माझ्या काउंटरखाली आहेत.
तेलाची मी घरी नेली.
पावाला फार छान लागलं.