एकूण किती

दर सोमवारी सव्वानऊला फोन वाजायचा.
पोकाटेलोहून थेन ऑस्टरगार्ड,
रेल्वेतला निवृत्त ब्रेकमन.
कानात यंत्र होतं, म्हणून ओरडून बोलायचा:
"सेजहेन लिथियम! आज एकूण किती?"

मी आकडा सांगायचे. आठ कोटी.
पलीकडे पेन्सिलीची खरखर.
त्याचे दोन लाख, तीन सेंटने घेतलेले.
"म्हणजे चारशेतला एक मी."
आणि फोन ठेवण्याआधी
न चुकता विचारायचा, तुमच्याकडे हवा कशी आहे.
जानेवारीतली सॉल्ट लेक सिटी,
खोऱ्यावर झाकण घातल्यासारखा धूर,
मी म्हणायचे, ठीक आहे.

आमचं काम नोंदवहीचं.
कुणाच्या नावावर किती, एवढंच लिहायचं.
का, हे विचारणारं खातं
या इमारतीत नाही. खाली दाताचा डॉक्टर आहे.

मग फॅक्स यायला लागले.
कंपनीने कुठल्याशा फंडाकडून
अडीच लाख डॉलर उचलले होते,
आणि करारात एक कलम होतं:
परतफेड शेअरमध्ये,
भाव गेल्या वीस दिवसांतला सगळ्यात खालचा,
त्यातूनही चाळीस टक्के वजा.
म्हणजे भाव पडण्यातच सावकाराची बरकत.
तो विकायचा, भाव पडायचा,
पडला की तेवढ्याच कर्जाला जास्त शेअर,
ते विकायचा, मग पुन्हा फॅक्स.
मी शिक्के मारत होते.
एकावर सँडविचमधली मोहरी सांडली,
ती पुसेपर्यंत
नव्वद लाख नवे शेअर जन्माला आले होते.

चौदा कोटी, सांगितलं मी. मग एकतीस.
नव्वद म्हटलं त्या सोमवारी
पेन्सिल बराच वेळ चालली.
"साडेचार हजारातला एक," तो म्हणाला.
"पण माझे दोन लाख दोन लाखच आहेत ना?"
हो, मिस्टर ऑस्टरगार्ड. एकही कमी नाही.
"मग गेलं काय?"

आमच्याकडे कुणी वारलं की
चर्चच्या तळघरात जेवण असतं.
माणसं वाढली की लव्हॉन मावशी
सूपमध्ये किटलीभर पाणी ओतायची.
वाडगा प्रत्येकाला काठोकाठ मिळायचा.
तक्रार करणार तरी काय म्हणून?
हे त्याला सांगावं असं मनात आलं होतं,
तेवढ्यात दुसरी लाइन वाजली.

मेमध्ये कंपनीचं पत्र आलं:
एकूण आकडा यापुढे कुणालाही सांगू नये.

सोमवार, सव्वानऊ.
"आज एकूण किती?"
मला सांगायची परवानगी नाही.

तो ओरडायचा थांबला.
चाळीस वर्षं उतारावर डबे आवरलेल्या माणसाला
ब्रेक कधी धरत नाहीत ते
आवाजाशिवायही कळत असावं.
"बरं," तो म्हणाला. "हवा कशी आहे?"
"आज स्वच्छ आहे. डोंगर दिसतायत."
खरंच दिसत होते.

ऑक्टोबरात त्यांनी हजाराचा एक केला.
त्याच्या नावापुढचे दोन लाख काढून
मी दोनशे टाइप केले.
तीन शून्यं पुसायला तीन वेळा कळ दाबावी लागते.
कंपनीला नवं नाव मिळालं. लिथियम सोडून
आता ते औषधी अळंबी विकणार आहेत म्हणे.
नवं कर्ज, तेच कलम, तोच फॅक्स नंबर.

घरी जाताना सरोवर लागतं.
ते दरवर्षी आटतं, काठ मागे सरकतो,
पूर्वीचे धक्के आता चिखलात उभे आहेत.
पाणी घटतंय, मीठ आहे तेवढंच.
एकदा गाडी थांबवून मी बोट बुडवलं, चाटलं.
जीभ दुपारपर्यंत जळत होती.

त्याने फोन करणं सोडलंय.
सोमवारी सव्वानऊला मीच पाकिटाच्या पाठीवर
दोनशे लिहिते, खाली रेघ मारते,
रेघेखाली आजचा आकडा.
भागाकार करायला मनाई नाही.