पोटखराबा

उमरेड रोड सोडला की थोड्या वेळात डांबर संपतं,
मग मुरूम, मग काळी माती,
मग पायच सांगतो की इथून पुढे जमीन नाही,
आणि धड पाणीही नाही.

चौऱ्याऐंशी साली ही मोजली मी.
साखळी चिखलात, हाताखाली दोन पोरं,
एकाची चप्पल अजून आतच आहे.
माझ्या अक्षरात शेरा:
पोटखराबा, अकरा हेक्टर, लागवडीस अयोग्य.
खाली सही. सहीखाली रेघ.

आता ती राखीव आहे. पाटी आहे, तारेचं कुंपण आहे,
आणि मंसाराम नान्हे आहे, वनमजूर,
गमबूट घालून माझ्याआधीच आलेला.
'हळू ठेवजा पाय, साहेब. थे दिसत नाही, उठते.'

उठतोच.
बुटाच्या टोकाजवळून पाणलावा सुटतो
कापड फाटल्यासारखा,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
ही रेघ नकाशावर घेता येत नाही.

वहीत लिहितो: एक.
शेकाटे चाळीस. की बेचाळीस, दोघं सारखी जागा बदलतात.
वंचक सात. आठवा काडी निघाला.
लव्हाळ्यात हळदकुंकू बदकांची जोडी,
ती माझ्याकडे पाहते तेव्हा मीच मोजला जातो.

मंसाराम पाखरं मोजत नाही.
तो चिखल वाचतो: 'राती बाऊल आली होती.'
पाच रुपयांच्या नाण्याएवढे चार ठसे,
चारही पाण्याने भरलेले.
मागच्या वर्षी इथून बेशरम उपटली, सात ट्रॉल्या.
त्याची बायको सायत्रा म्हणते, चीक अजून बोटांतून जात नाही.
जिथे मुळं निघाली तिथे आता
कमळपक्षी पानावरून पान ओलांडतो,
एकही पान न बुडवता.

पोट होतं इथे. मी फक्त खराबा वाचला.

पलीकडच्या कोरड्या उंचवट्यावर
माझाच हद्दीचा दगड, बाणाची खूण झिजलेली.
त्याच्या पायथ्याशी चार अंडी,
टोकं आत वळवून, मातीच्याच रंगाची.
वर टिटवी फेऱ्या मारत
आम्हा दोघांचा उद्धार करतेय.

'कब्जा झाला, साहेब,' मंसाराम म्हणतो,
'तिचं नाव चढवा आता.'

आम्ही आलो तसे मागे सरकतो.
मार्च संपत आलाय.
माझ्या पावलाच्या खड्ड्यात तरी
पाणी खालून हळूच वर येतं,
त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.