चुन्याचा अंगठा

लेक लिहिते, तिकडच्या खेड्यात
झाडांवर पट्टे मारलेत, एक पांढरा, एक तांबडा,
पायी हिंडणाऱ्यांनी वाट चुकू नये म्हणून.
लोक नुसतं चालायला येतात, म्हणे. काम नसताना.
दगडी पूल बघतात, गाईंची नावं विचारतात,
कुणाच्याही कुंपणाला टेकून चीज-पाव खातात.
खाली एक ओळ:
बाबा, तुम्ही आपल्याकडं काय काय बघितलंय?

मी लेथवर एकतीस वर्षं.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागात
काय काय मावतं, ते बघितलंय.

म्हणून रविवारी तिचीच सायकल काढली,
एकवीस गिअरची, तीन वर्षं पोत्याखाली झाकलेली.
पिरनवाडीच्या फाट्यावर पानवाला भरमा म्हणाला,
कुठं जाऊलालासा ह्या वयात?
बघायला.
काय?
ते अजून ठरलं नाही.

किणयेच्या पुढं सुगी चाललेली.
रताळ्यांच्या वाफ्यात बायका उकिडव्या बसलेल्या.
एकीनं बोलावून चार रताळी कॅरिअरला बांधली,
पैसे पुढं केले तर मातीचे हात दाखवले,
कुठल्या हातानं घेऊ, म्हणाली, आणि हसली.

कुसमळीच्या पुलावर चेन उतरली.
चढवली, अंगठा कठड्याला पुसला,
तेव्हा कुठं खाली नजर गेली.
मलप्रभा. गुडघाभर.
ज्या नावानं मी लेकीला तीस वर्षं हाका मारल्या
ते नाव असं दगडांवरून घसरत निघालेलं बघून
हाक मारावी की नको, कळेना.

जांबोटीत चहा.
पाटीवर गावाचं नाव एका लिपीत, दुकानावर दुसऱ्या,
उधारीच्या वहीत दोन्ही.
चहावाली फोनवर कुणाशी तरी कन्नडात भांडली,
वळून मला मराठीत विचारलं, खारी पाहिजे काय?
राग मात्र तोच होता.

चिखल्याला मष्णू गुरव भेटला.
धबधबा? आता कुठला?
दाढी झाल्यावर कानाशी फेस राहतो बघा, तेवढा हाय.
तरी चला.
तो पुढं. मी मागं, सायकलीशिवाय पाय विसरल्यासारखा.
दर आठ-दहा झाडांवर छातीच्या उंचीला
एक पांढरा ठिपका.
हे काय?
चुना. तंबाखू मळून उरतो त्यो.
पावसाळ्यात शहरातली पोरं येतात मोबाईल धरून,
हितं त्याला रेंज कुठली.
एकजण रात्रभर फणसाखाली रडत बसलेला,
जळवांनी फोडून काढलेला. तवापासनं.
थोडा थांबून म्हणाला,
हल्ली मलाबी लागतंय. मोतीबिंदू.
पावसानं धुऊन जात असेल की?
जातंय की. परत लावायचं.

कड्याच्या टोकाशी कातळावर बसलो.
खाली दरी, तिच्यात कुणीतरी लाकूड तोडत होतं,
कुऱ्हाड आधी दिसायची, आवाज मागून यायचा.
मष्णूनं पाला पेटवला, रताळी भाजली.
एक भाजलं, तीन करपली.
चौघांना पुरेल एवढं मीठ त्याच्या कनवटीला होतं.
बोललो नाही फारसं.
बराच वेळ माझे गुडघे आपोआप
पेडल मारल्यासारखे हलत राहिले,
मग तेही थांबले.
शिफ्ट संपल्यावर मशीन थंड होताना
बारीक टिकटिक करतं,
तसं काहीतरी कानात ऐकू आलं.

निघताना दोनशे रुपये पुढं केले.
त्यानं घेतले, मोजले,
आणि डबीतला चुना नखावर घेऊन
माझ्या सायकलीच्या हँडलला एक ठिपका लावला.
चुकशीला म्हणाला, सरळ रस्त्यालाच माणूस चुकतंय.

कुसमळीला दिवेलागण झाली.
पूल ओलांडता ओलांडता कठड्यावर
सकाळचा माझा काळा अंगठा दिसला,
रेघा स्पष्ट, ग्रीसनं भरलेल्या.
पुसायला फडकं काढलं.
काढलं, आणि परत खिशात ठेवलं.

लेकीसाठी फोटो घेतला.
फ्लॅशमध्ये अंगठा तेवढा आला.
नदी आली नाही.