आठ की अकरा

डॉक्टर कुलगोड म्हणाले, मीठ कमी करा.
दिवसाला एक चमचा, तोही सपाट.
लोणचं बंद, पापड बंद,
ताकात चिमूटही नको.
त्याच संध्याकाळी मी शहापुरात
वीस किलो मिठाच्या बादलीसमोर उभा.

एक नव्हे, दोन बादल्या.
एक निळ्या झाकणाची, एक पांढऱ्या.
दोन्हींवर छापलेला समुद्र सारखाच,
सारखाच तो नारिंगी मासा.
फरक मागच्या बारीक अक्षरांत:
निळीत क्षारता अकरा, पांढरीत आठ.
चष्मा कपाळावर सारून वाचत राहिलो,
उद्यमबागेत एकतीस वर्षं ड्रॉइंग वाचलं तसं,
आधी टॉलरन्स, मग बाकीचं.

इराप्पा हंचिनमनी गल्ल्यावरून म्हणाला,
"काय काका, लगीन ठरवालासा काय?
निळी न्या की. पोवळी फटाफट वाढत्यात."

फटाफट हा शब्द मला सोसत नाही.
घाईत उतरवलेले जॉब
मी परत आलेले पाहिलेत, गाडीभर.

मालन म्हणते, समुद्र काय लांब हाय?
चोरल्यातनं उतरलं की गोवा,
चार कॅन भरून आणायचे.
आणले होते एकदा, श्रावणात.
नदीनं आधीच पातळ केलेलं पाणी,
सत्तावीस भरलं,
आणि गाडीच्या डिकीला अजून गंज आहे.
मग खडेमीठ घाल की, ती म्हणते.
खडेमीठ म्हणजे समुद्राचं नुसतं आडनाव,
घरातली बाकीची माणसं त्यात नाहीत,
हे तिला कसं सांगू?

टाकीत आहे तरी काय?
शंभर लिटर पाणी, दोन क्लाउन मासे,
एक गोगलगाय,
आणि पोवळ्याचा बटणाएवढा तुकडा,
म्हापशाच्या आग्नेलनं रुमालात गुंडाळल्यासारखा
जपून दिलेला.
दिव्याखाली हिरवा उघडतो,
हेस्कॉमनं वीज नेली की मिटतो.
मे महिन्यात तीन दिवस मिटूनच होता.
तेव्हा कळलं, नळ पितळेचा.
ज्या पितळेवर माझं पोट भरलं
ते त्याला विष.
त्याच रात्री प्लास्टिकचा बसवला.

पांढरी घेतली. आठवाली.
"एंटु साकु," म्हणालो.
इराप्पा हसला, पन्नास रुपये सोडले.
कानडीत बोललो म्हणून,
की पेन्शनर म्हणून,
विचारलं नाही.

गच्चीवर बादली आडवी करून लोळवली,
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत.
ट्रकमधून येताना जड कण तळाला जातात.
वरचा चमचा आणि खालचा चमचा
एकाच समुद्राचा निघायला हवा.
शेजारची निंगव्वा मिरच्या पसरायला आलेली,
सूप हातात धरून बघतच राहिली.

मग दहा लिटर आर.ओ.चं पाणी.
पाण्यात मीठ, मिठात पाणी नाही.
उलट केलं की ढग धरतो, चुना उतरतो,
परत विरघळत नाही.
तीनशे ऐंशी ग्रॅम. पंप रात्रभर.
सकाळी काचेवर एक थेंब,
खिडकीकडे धरून डोळा लावला:
निळ्याची आणि पांढऱ्याची सीमा
बरोबर पस्तिसावर.
गेल्या खेपेला चौतीस दिसली होती.
सीमा नव्हे, माझा हात हलला होता.

पोवळं दुपारी उघडलं.
नेहमीएवढंच.

टाकीतलं पाणी रोज पेलाभर उडून जातं,
मीठ जात नाही.
म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी,
तेवढंच, खुणेपर्यंत.
काचेच्या काठावर पांढरी रेघ साठत राहते.
ओल्या फडक्यानं पुसायची असते ती.
मी आधी कानोसा घेतो,
मालन स्वयंपाकघरात आहे ना,
आणि बोट जिभेला लावतो.