लखी आपनार

वकिलांच्या टेबलावर कच्चा मसुदा, गुजरातीत.
डावीकडे लखी आपनार, उजवीकडे लखी लेनार.
डावीकडे ती: धर्मिष्ठा, वय वीस, राहणार पादरा,
औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावण्याचं काम.
उजवीकडे आम्ही दोघं, दांडिया बाजारातले,
तिसऱ्या पिढीचे बडोदेकर,
हिशेब मात्र अजून मराठीतच मोजणारे.
बाळाच्या नावाची जागा कोरी.
ते अजून आत आहे, सात महिन्यांचं.

पहिल्यांदा भेटलो ते दवाखान्यात.
डॉक्टरीणबाईंनी आपली खोली दिली
आणि बाहेरून दार ओढून घेतलं.
अशा वेळी काय न्यायचं असतं ते कुणी सांगितलेलं नाही,
म्हणून मी सुरळीच्या वड्या नेल्या.
मुलगी बघायला जातात तसे गेलो होतो,
बघितलं मात्र तिने आम्हाला.
डबा उघडून म्हणाली, "खांडवी!"
निशिकांत म्हणाला, "आमच्यात खांडवी गोड असते, गुळाची."
ती हसली. चार खाल्ल्या.
मग बोटं ओढणीला पुसत तिने विचारलं,
"एने मारुं नाम कहेशो?"
त्याला माझं नाव सांगाल?

आत्याबाईंचा फोन: "मूल घ्यावं नि दार लावावं.
त्या पोरीला कशाला उंबऱ्यात उभी करता?
उद्या हक्क सांगेल."
सांगू दे, मी म्हणाले,
आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास
घासलेलीच भांडी घासत बसले.

शाळेत बाई सांगायच्या,
या गावात राजासुद्धा दत्तक आला होता,
लांबच्या खेड्यातून, लहान पोर.
गोष्ट संपायची ती दरबारात, वाजंत्री वाजत.
मागे राहिलेल्या आईने त्या रात्री
किती भाकऱ्या थापल्या,
एक जास्तीची चुकून थापली का,
हे मी तेव्हा विचारलं नाही.
मी पहिल्या बाकावर बसायचे.

वकील म्हणाले, भेटीगाठींना कायद्यात रकाना नाही.
मग वहीचं पान फाडून आम्हीच लिहिलं.
वाढदिवसाला फोटो. दिवाळीनंतर एक भेट.
शाळेत घातलं की कुठल्या, ते कळवायचं.
तिने सांगितलेलं एक कलम असं:
माझं लग्न झालं तर तुम्ही फोन करायचा नाही,
मी करीन.
ते लिहिताना निशिकांतचं पेन अडलं.
त्याने झटकलं, शाई होती.

"आणि मी नाही म्हटलं तर? झाल्यावर?"
"तर नाही," तो म्हणाला.
इतक्या पटकन म्हणाला की
मला त्याचा राग आला, आणि मग
अकरा वर्षांत आला नव्हता इतका जीव आला त्याच्यावर.

ती बराच वेळ नखाने टेबलाची कड खरवडत होती.
मग म्हणाली, "हुं आपीश."
आपीश म्हणजे देईन. मला येते ही भाषा,
मी हिच्यातच भाजी घेते, भांडते, बस थांबवते.
तरी माझ्या मराठी कानाला
ऐकू आलं ते 'आपलं'.
कुणाचं आपलं, ते नीट ऐकू आलं नाही.

सातव्यात आमच्यात ओटी भरतात, त्यांच्यात खोळो.
तिचा कुणी भरला नाही.
मलाही हल्ली कुणी ओटीला बोलवत नाही.
त्या दिवशी पर्समध्ये नारळ होता.
तो मी बाहेर काढलाच नाही,
तिला वाटलं असतं, आगाऊ रक्कम.

पाळणा आणलेला नाही. कपडे नाहीत.
मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे, ते तिथेच आहे.
फक्त डबा तिच्याकडे राहिला,
झाकणावर आमचं नाव कोरलेला.
"धुऊन आणीन," म्हणाली होती,
आणि पादऱ्याच्या बसमध्ये तो मांडीवर धरून बसली,
पोटाला टेकवून.

डबा रिकामा परत करू नये म्हणतात,
तिच्यातही म्हणत असतील.
काल फोनवर मी तिला सांगून टाकलं,
रिकामा आणलास तरी चालेल.
पण तू ये.